कोठडीतला महिना किती दिवसांचा

विषय: कैदेच्या दिवसांचे महिने करण्याबाबत.
संदर्भ: एका ढोलवाल्याची शिक्षा.

फार पूर्वी, राजे दुपारी झोपत आणि कारकून जागे असत, तेव्हाची ही हकिगत. एका ढोलवाल्याने पाडव्याच्या दुपारी ढोल बडवून राजाची झोप मोडली. "चार महिने कोठडी," राजा म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

दिवसांचे महिने करणे हे दरबारच्या कारकुनाचे काम. या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असे त्याचे मत होते. ते तो न विचारताही सांगत असे.

ज्येष्ठ संपला तशी ढोलवाल्याची बायको लहानग्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली.

"रावसाहेब, चार महिने भरले. सोडा की आता."

"तीनच भरले. यंदा एक ज्येष्ठ अधिक होता. अधिक महिन्यात शुभकार्य करत नाहीत. म्हणून तो धरायचा नाही."

"ह्या पोरीनं त्याच महिन्यात पहिलं पाऊल टाकलं. तेही धरायचं नाही का?"

कारकुनाने मुलीकडे पाहिले. लेखणी हातातच होती. एक सही केली असती तर माणूस घरी गेला असता, आणि कोणी विचारलेही नसते. पण हा नियम त्याने स्वतः काढला होता आणि तो त्याला फार आवडला होता.

"आषाढ सरल्यावर ये," तो म्हणाला.

स्वतःच्या नोकरीची वर्षे मोजताना तो अधिक महिना कधी सोडत नसे. पण तो हिशेब वेगळा.

आषाढ सरला. ती पुन्हा आली.

"एकादशीला चातुर्मास लागला," कारकून म्हणाला. "देव झोपलेत. आता कार्तिकात ते उठेपर्यंत दिवस धरता येत नाहीत."

"देव झोपलेत तर कोठडी हळूच उघडा. मी काही ओरडत नाही."

"थट्टा नको, बाई. सरकारी काम आहे."

भाद्रपद लागला त्या दिवशी राजाने स्वतः रचलेले काव्य दरबारात वाचले. कितव्याशा कडव्याला कारकून घोरला.

"एक महिना," राजा म्हणाला.

कारकून जवळजवळ हसतच कोठडीत गेला. महिना म्हणजे काय, हे त्याच्याहून जास्त कोणाला ठाऊक? आश्विन लागताच त्याने वळकटी बांधली. गजांपलीकडे त्याच्याच हाताखाली शिकलेला नवा कारकून आला.

"महिना भरला. उघड."

"अजून सुरूच झालेला नाही, रावसाहेब. चातुर्मास आहे. आपलाच नियम."

"अरे, पण मी रोज इथे फरशीवर झोपतोय!"

"झोपत असाल. धरता येत नाही."

दसऱ्याच्या मिरवणुकीत ढोल कमी पडला, म्हणून राजाने ढोलवाल्याला सोडले. हिशेब कोणी विचारला नाही. बापाला पाहून मुलगी आधी आईच्या मागे लपली. मग ढोल वाजू लागला, तशी एकेक पाऊल टाकत पुढे आली. तो ढोल कोठडीतही ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने अर्ज केला: कोठडीत काढलेला दिवस हा दिवस धरावा. अर्जाखाली त्याने एक ओळ जोडली आहे.

तात्पर्य: दुसऱ्याचे दिवस मोजायला बसण्याआधी त्यांतला एक स्वतः काढून पाहावा.

"निकाल महिनाभरात कळवू," असे उत्तर आले आहे. महिना कोणता, ते लिहिलेले नाही. अर्ज विचाराधीन आहे.