रानमिरीचं कालवण

"जिभेचा औषध आसा काय, बाबा?"

अमीनबाबा फकीर चुलीत लाकूड सारत होते. घाटाच्या पायथ्याशी, रानाच्या कडेला त्यांची झोपडी. वर न बघताच ते म्हणाले, "जीभ तर चांगली चालतेय तुझी. झालंय काय?"

"ताप इलो नि गेलो. जाताना चव घेवन गेलो. आता वरण काय नि पाणी काय, माका कायच कळणा नाय."

विचारणारा बाबुली आचारी. पंचक्रोशीत लग्न असो की बारसं, चुलीवर कढई त्याचीच. नाव मोठं, आणि तोरा नावाहून मोठा. आज मात्र बिचारा घाबरला होता.

"सोमवारी देवीची जत्रा. म्हाप्रसाद माझ्या हातचो. तो फसलो तर माका परत कोण बोलवतलो?"

"मीठ कमी पडलं तर लोक सांगतील की."

"लोक? माका सांगतले?" बाबुली उसळला. "वीस वर्षा रांधतंय. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघूक नाय. माझी जीभ सांगात, ता खरा!"

बाबांनी चुलीवरच्या मडक्याचं झाकण उचलून आत पाहिलं.

मग म्हणाले, "मला भूक लागलीय. वाटाणे शिजलेत. कालवण कर."

"चवीशिवाय?"

"हात शाबूत दिसतात तुझे."

फकिराला नाही कसं म्हणणार? बाबुली उठला. झोपडीमागे तिरफळाचं काटेरी झाड होतं, शेजारच्या ऐनाच्या झाडावर रानमिरीचा वेल चढला होता. त्याने हिरवे घोस तोडले. तिरफळं फोडून काळं बी टाकून दिलं. खोबरं नि मिरी पाट्यावर वाटली, वाटण काळ्या वाटाण्यांत सोडलं, वर ठेचलेली तिरफळं.

बागेतल्या मिरीचं माप त्याच्या हाताला पाठ होतं. रानमिरीचं माप कुणालाच पाठ नसतं. एका वेलाची नुसती चुणचुणते, शेजारच्या वेलाची घसा जाळते.

सवयीने त्याने पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला.

काहीच नाही.

आणखी मिरी वाटून घातली. पुन्हा चाटला. तिरफळाने जीभ नुसती बधिरली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही धुराचं नव्हतं.

बाबा थाळी घेऊन बसले. भातावर कालवण घेतलं.

बाबुली समोर उकिडवा बसला. "कसा झाला?"

बाबा जेवत राहिले...

"तिखाट झाला?"

बाबांनी आणखी भात कालवला.

"बोला हो, बाबा! माझो जीव जाता हय!"

बाबा घास चावत राहिले. विचारून काही उपयोग नाही हे बाबुलीला कळून चुकलं. तो नुसता बघत बसला. बाबांचा हात तांब्याकडे गेला. पुढच्या घासाला भात जास्त, कालवण कमी. नाकाच्या शेंड्यावर घाम.

बाबुली ताडकन उठला. उरलेलं खोबरं किसलं, दूध पिळून कालवणात ओतलं, एक कढ आणला. वाढलं, आणि पुन्हा समोर बसला.

या वेळी हात तांब्याकडे गेला नाही. पण चावणं मंद होतं, आळणी खाणाऱ्याचं असतं तसं. बाबुलीने मिठाची चिमूट घेतली, जरा थांबला, अर्धी परत टाकली. उरलेली कालवणात घालून ढवळलं आणि एक पळी वाढली.

एक घास. दुसरा. बाबांनी बोटं चाटली आणि थाळी पुढे केली.

बाबुली खुदकन हसला. ताप आल्यापासून पहिल्यांदाच. पोटभर वाढून त्याने हळूच विचारलं, "चव परत येतली मा, बाबा?"

"येईल," बाबा भात कालवत म्हणाले. "पण जत्रा होईपर्यंत तिला दारातच बसवून ठेव."