दारातले हिरवट खडे

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याने पन्नाशी उलटल्यावर संगणकावरचा खेळ शिकायला घेतला. त्याची लेक शाल्मली शिक्षणासाठी दूरच्या शहरात वसतिगृहात राहायला गेली होती आणि फोनवरचे तिचे बोलणे ‘हो’, ‘नाही’, ‘बरंय’ एवढ्यावर येऊन ठेपले होते. घरभर बडबडत फिरणारी पोर अशी परक्यासारखी का बोलते, या विचाराने त्याला घास गोड लागत नसे. ती मैत्रिणींबरोबर हा खेळ खेळते, इतकेच त्याला ठाऊक होते. ‘मलाही घ्या की तुमच्यात,’ असे त्याने म्हटले, तेव्हा ती म्हणाली, ‘आधी स्वतः तांबं शोधून दाखवा बाबा, मग या खेळातल्या आमच्या गावात.’

खेळ असा, की रानात रिकाम्या हाती उतरायचे, झोपडी बांधायची, धातू शोधून अवजारे घडवायची. मूळ खेळात कुठेही खणले तरी काही ना काही हाती लागते. पण शाल्मली खेळत असे तो खेळ हौशी मंडळींनी फेरफार करून अवघड केलेला होता. त्यात तांबे मोजक्याच जागी दडलेले असे. हे व्यापाऱ्याला कोण सांगणार? त्याने मूळ खेळाचे व्हिडिओ पाहिले, दगडी कुदळ घेतली आणि खड्ड्यामागून खड्डे खणत सुटला. डोंगर पोखरून उंदीरही निघेना.

शेवटी त्याने गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना घरी बोलावले. नातवंडांच्या नादाने ते या खेळात चांगलेच मुरले होते. सुट्टीच्या दुपारी गुरुजी त्याच्या शेजारी बसून पडद्यावरचे खोदकाम पाहत होते, तेवढ्यात शाल्मलीचा फोन आला.

‘बाबा, आमच्या गच्चीवर मांजरीनं पिल्लं घातलीत.’

‘असू दे. चाचणीचे मार्क कळले का?’

‘नाही अजून.’

‘अभ्यास चाललाय ना? काही अडचण?’

‘नाही. ठेवते.’

व्यापारी सुस्कारा टाकून पुन्हा खणू लागला. गुरुजींनी त्याच्या हातातला माऊस घेतला आणि पडद्यावरची ती कुदळ सरळ ओढ्यात फेकून दिली.

‘अहो गुरुजी, ती करण्यात माझी सकाळ गेली होती,’ व्यापारी कळवळला.

‘जाऊ द्या शेठ. आधी मला सांगा, तुमच्या झोपडीपुढचं अंगण एवढं लख्ख कसं?’

‘हिरवट खडे पडले होते तिथं, बारीक बारीक. दारात कचरा नको म्हणून सगळे वेचून लांब टाकले.’ हे सांगताना व्यापाऱ्याच्या स्वरात थोडा अभिमानही होता. दुकानाची पायरीसुद्धा तो स्वतःच झाडत असे.

गुरुजी हसले, पण त्या हसण्यात टोचणी नव्हती. ‘शेठ, या खेळातली जमीन कुणाला फसवत नाही. खाली तांबं असलं, की वर चार हिरवट खडे ठेवते. तुम्ही खडे झाडून टाकलेत आणि तांबं शोधायला रानभर हिंडलात. माणसंही तशीच. मनातलं एकदम कुणी काढून देत नाही. आधी काहीतरी किरकोळ पुढे ठेवतात, मांजरीची पिल्लं म्हणा, आणि बघतात, समोरचा वाकून उचलतो का. तुमची लेक काही अबोल झालेली नाही.’

मेसमधली पातळ डाळ, खोलीतल्या मैत्रिणीचे घोरणे, बसमध्ये विसरलेली छत्री. कितीतरी फोन व्यापाऱ्याला आठवले. सगळे त्याने ‘असू दे’ म्हणून बाजूला सारले होते. त्याचे डोळे भरून आले आणि ते गुरुजींपासून लपवावेत असेही त्याला वाटले नाही. गुरुजींनी त्याच्याकडून नवी कुदळ करवून घेतली, अंगण खणायला लावले आणि थोड्याच खोलीवर तांबे लागले.

दुसऱ्या दिवशी ऐन गिऱ्हाइकीत शाल्मलीचा फोन आला. ‘बाबा, आमच्या खोलीतला पंखा कालपासून आवाज करतोय.’

तक्रार कर आणि अभ्यासाला लाग, हे शब्द व्यापाऱ्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले, गिऱ्हाइकापुढे चार साड्या टाकल्या आणि आतल्या खोलीत गेला.

‘कसा आवाज करतो गं?’

शाल्मलीने आवाज काढून दाखवला. तो हसला, तीही हसली. मग पंख्यावरून उकाड्याकडे, उकाड्यावरून जागरणाकडे असे बोलणे लांबत गेले. मार्कांचे त्याने काहीच विचारले नाही.

‘बाबा, मला इथं अजिबात करमत नाहीये,’ ती म्हणाली. ‘रोज घरी यावंसं वाटतं.’

व्यापारी तिथल्या कापडाच्या गठ्ठ्यावर टेकला. ‘बोल बाळा,’ तो म्हणाला, ‘मी ऐकतोय.’

तांबे सापडल्याचे मात्र त्या दिवशी सांगायचे राहूनच गेले.