रिकामा तराजू

जनावरांचा बाजार वडाखाली भरायचा त्या काळी चिंगी खार साळिंदरशेटच्या दुकानात व्यापार शिकत होती. शेटचा दंडक एकच: प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी रिकामा तराजू उचलून दाखवायचा, मगच माल घालायचा. चिंगीची नुसती चुळबुळ चालायची.

“काहीच नाही ते काय तोलायचं, शेट? तेवढ्यात चार गिऱ्हाइकं उरकतील!”

एका बाजारी शेट जेवायला गेला, तशी तिने गुळाची रांग भराभर संपवली. रिकामा तराजू एकदाही उचलला नाही. शेवटी गोगलगाय आली.

“मला कसली घाई? आधी रिकामा दाखव, बाई.”

चिंगीने फणकाऱ्याने तराजू उचलला. मालाचं पारडं खाली गेलं. त्याच्या तळाला गुळाचा खडा चिकटला होता! म्हणजे आतापर्यंत सगळ्यांनाच गूळ कमी गेला होता.

चिंगीने खडा खरवडला, गूळ पाठीवर घेतला आणि तराजू उचलून धूम ठोकली. सशाच्या दारात ती धापा टाकत पोचली.

“तुमचा गूळ कमी भरलाय. पुन्हा तोलून देते.”

“अगं, दे अंदाजाने! अजून किती घरं हिंडायचीयत तुला?”

“पुष्कळ,” चिंगी म्हणाली, आणि आधी तिने रिकामा तराजू उचलून धरला.