इंदूचं दीड पान

“मग तू तिला काय म्हणालास?”

अण्णा हेरलेकरांनी विचारलं, पण निशिकांतच्या कानावर ते गेलंच नाही. तो फाटकातून आत शिरला तोच मुळी बोलत.

“उद्या पहिला प्रयोग आहे, अण्णा! आणि आज तालमीत ती इंदूचं काम करणारी उल्का मला शिकवते? मला?”

अण्णा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. जन्मभर नाटकं लिहिलेला माणूस. आता कोल्हापूरबाहेरच्या या घरात कुणी आलं तर बरं, न आलं तर आणखी बरं, अशा बेतानं राहायचे. निशिकांतला लिहायला त्यांनीच शिकवलं. पुढे मालिकांचे संवाद लिहून त्याचं नाव झालं आणि नावाबरोबर नाकही वर गेलं.

“बस की जरा.”

“बसायला नाही आलो! तुम्हाला ठाऊकच आहे प्रवेश. इंदू भाऊबीजेला माहेरी येते. भावाला ओवाळते. आणि हा हरामखोर ताटात ओवाळणी काय टाकतो? हक्कसोडपत्र! बापाच्या घरावरचा हक्क सोड आणि कर सही. तिथं इंदू बोलते. दीड पान बोलते! रक्त आटवलंय मी त्या दीड पानावर.”

“आणि उल्का?”

“म्हणे, ही बाई इथं एवढं बोलणार नाही. ताट खाली ठेवलं आणि चालती झाली. एक अक्षर नाही!”

“दिग्दर्शक?”

“तो नंदीबैल! म्हणतो, हेच ठेवू, सगळे कसे गप्प झाले बघ. अरे, गप्प होतील नाही तर काय? पुढचं वाक्य कुणी घ्यायचं तेच कुणाला कळेना!”

अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

निशिकांत ओसरीसमोर येरझाऱ्या घालत होता. तोंडाचा पट्टा थांबायचं नाव घेईना. नटांना आयतं ताट वाढायचं आणि वर त्यांनीच स्वयंपाक शिकवायचा! टाळ्या त्यांना, शिव्या लेखकाला! शब्द म्हणजे काय भाजीवरची कोथिंबीर आहे, नको असली की बाजूला काढायला? ज्या दिवशी लेखक मेला, त्या दिवशी रंगभूमी मेली...

बोलता बोलता त्याला दम लागला.

“मी नाटक मागं घेतो, अण्णा. प्रयोग होणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“हो.”

निशिकांत चपापला. त्याला वाटलं होतं, म्हातारा विनवण्या करील.

“घे मागं. पण मघाशी विचारलेलं सांग. तू तिला काय म्हणालास?”

“मी?...”

त्याला आठवलं. विंगेत उभा होता तो. कानशिलं तापली होती. उल्का समोरून येऊन त्याच्यापाशी थांबलीसुद्धा होती. बोल, काय बोलायचं ते बोल, अशी.

“काही नाही. संहिता उचलली आणि निघालो.”

“हं...”

अण्णा उठले. कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणला. निशिकांतनं पाण्यासाठी हात पुढे केला.

अण्णांनी तांब्या त्याच्या पायांवर ओतला.

“स्स...!” निशिकांत एकदम मागे सरला.

पाय अनवाणी होते. तळवे लालबुंद झाले होते. तालमीला रंगमंचावर कुणी पायताण घालून चढत नाही; त्याच्याही चपला विंगेच्या पायरीशीच राहिल्या होत्या. नाट्यगृहापासून इथवरचा डांबरी रस्ता, डोक्यावर चैत्राचं ऊन, आणि तो तसाच तरातरा चालत आला होता.

“आत्ता भाजलं?”

“माझ्या पायांचं काय घेऊन बसलात? तिकडं माझं नाटक मरतंय!”

“आवाज खाली!” अण्णाही आता कडाडले. “संहिता उघड. दीड पानाच्या खाली काय लिहिलंयस ते वाच.”

निशिकांतनं रागारागानं पानं उलटली.

“इंदू पदर सावरते. चपला घालते. आणि...”

तो थांबला.

“वाच.”

“...आणि सावकाश निघून जाते.”

आंब्यावर एक कावळा ओरडत होता. निशिकांतची नजर पानावरून स्वतःच्या ओल्या, अनवाणी पायांवर गेली.

“मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं,” निशिकांत दात आवळून म्हणाला. “तेव्हा तुम्ही मान डोलावलीत!”

“डोलावली. मलाही आवडलं होतं.”

राग तसाच होता, नुसता कुणावर काढावा एवढंच समजत नव्हतं. त्यानं संहिता अण्णांच्या पुढ्यात धरली.

“यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का, अण्णा? एक दाखवा.”

“एकही नाही.”

“मग हे दीड पान मी कुठं घालू? पंचगंगेत सोडू?”

अण्णांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला.

“तिथं एक अक्षर बोलला नाहीस. मग तू तुझं दीड पान कुठं आणून ओतलंस?”