पिंगळेशेठचा सॅम्पल फ्लॅट

नाशिकच्या बिल्डर पिंगळेशेठना आपल्या नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर गोदाकाठचं मोठं चित्र हवं होतं. त्यांनी यामिनी खैरेला बोलावलं. यामिनी भिंतींवर चित्रं रंगवून पोट भरणारी चित्रकार. तिनं आधीच्या कामांचा अल्बम पुढे केला, पण शेठनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ते राहू द्या. आधी ही भिंत नमुना म्हणून फुकट रंगवून दाखवा. पसंत पडली तर पुढच्या इमारतीचं काम तुम्हालाच."

अशा नमुन्यापायी यामिनी पूर्वी पस्तावली होती, पण हातात दुसरं कामही नव्हतं. जरा विचार करून ती म्हणाली, "शेठ, तुमचा सॅम्पल फ्लॅट बघू का?"

गिऱ्हाईक मिळालं म्हणून शेठ खुलले आणि स्वतः तिला वर घेऊन गेले. यामिनीनं पलंग दाबून पाहिला, पडदे सरकवले.

"छान आहे हो! उद्याच आईला आणि मुलांना घेऊन राहायला येते. वर्षभर फुकट राहून बघतो. पसंत पडला तर पुढच्या इमारतीतलं घर तुमच्याकडूनच घेऊ."

"काहीतरीच काय बाई!" शेठ उखडले. "सॅम्पल बघायला असतं, वापरायला नाही!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," म्हणत यामिनीनं अल्बम पुन्हा त्यांच्या हाती दिला.

शेठ आधी गोरेमोरे झाले, मग खो खो हसत सुटले. तिथेच पलंगावर बसून त्यांनी एकेक फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, "रंगांसाठी आगाऊ किती देऊ?"