वैद्यराजांचा ठसा

अंजनवनात सकाळचे ऊन भिडस्त पाहुण्यासारखे येई. आधी ते झाडांच्या शेंड्यांवर थांबे, कोळ्याच्या जाळ्यातले दव निरखी, मग खोडांवरून सावकाश उतरून दवाखान्याच्या उंबऱ्याशी घुटमळे. आत जावे की न जावे, हे त्याला पटकन ठरवता येत नसे. शेवटी ते वैद्यराज कच्छपशास्त्री कासवांच्या पाठीवर विसावे. पाठ तापे. शास्त्रीबुवा हलत नसत. चैत्रापासून ते हललेच नव्हते.

त्यांचा मदतनीस साळोजी साळिंदर याला चिंतन म्हणत असे.

साळोजी अबोल होता. पण गळू फोडावे, रुतलेला सल काढावा, तर त्याच्याच काट्याने. राज्याचा नियम मात्र स्पष्ट होता. वैद्यराज दवाखान्यात उपस्थित असावेत आणि उपचाराच्या नोंदीच्या पानावर त्यांच्या पायाचा गेरूतला ठसा असावा, तरच राजकोठारातून औषधांची टोपली मिळेल. ठसा नसल्यास उपचार झालाच नाही, असे समजावे. एकदा एका सशाच्या पानावर ठसा राहून गेला, तेव्हा काढलेला काटा शिपायांनी पुन्हा त्याच्या पंजात रोवला आणि नियमाचा मान राखला. तेव्हापासून प्रत्येक उपचारानंतर साळोजी शास्त्रीबुवांचा पाय हळुवार गेरूत बुडवी.

एके दिवशी लेखाधिकारी तरसराव तपासणीला आले. त्यांनी कासवाच्या पाठीवर टकटक केली. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला.

"बोलत नाहीत?"

"चिंतनात आहेत, रावसाहेब."

"उत्तम! बोलणारे वैद्य ठशाआधी शंका काढतात." तरसरावांनी फर्मान पुढे केले: 'अंजनवनात कोणीही आजारी नाही.' "निवडणूक आली आहे, साळोजी. कोठारावरचा भार हलका व्हायला हवा."

फर्मानावर ठसा उमटला. वानरांनी फांद्याफांद्यांवरून घोषणा दिल्या, "घरोघरी आरोग्य, दारोदारी आरोग्य!" औषधांच्या टोपल्या विजयसभेच्या भोजनाला गेल्या. घोषणा देताना खोकलेल्या एका वानराला अफवा पसरवल्याबद्दल अटक झाली.

दुसऱ्या सकाळी सगुणा भेकर पाडसाला घेऊन दवाखान्याच्या दारात आली. पाडसाच्या मानेवरचे गळू सुजून दगड झाले होते.

"अहो साळोजी, बघा ना हो! पोराला श्वास घेववत नाही."

दारात तरसराव उभे होते. "गळू? कुठले गळू, बाई? खुद्द वैद्यराजांनी लिहून दिले आहे."

साळोजीच्या तोंडून प्रथमच खरे निसटले. "रावसाहेब, तो ठसा खोटा आहे. शास्त्रीबुवा चैत्रातच वारले."

"असं? दाखला आणा."

साळोजी आत धावला. त्याने पानावर मृत्यूचा दाखला लिहिला आणि नियम मोडू नये म्हणून सवयीने त्यावर ठसाही घेतला.

तरसरावांनी पान उजेडात धरले. "वैद्यराजांच्या ठशासह. अगदी नियमाप्रमाणे." साळोजीने सुटकेचा सुस्कारा सोडला. तरसराव पुढे म्हणाले, "म्हणजे वैद्यराज आज सकाळीही कामावर हजर आहेत. मेलेला कधी ठसा देतो होय? दाखला रद्द. आणि स्वतःच्या मृत्यूतही काम न थांबवणाऱ्या अशा सेवकाला बिनविरोध मुदतवाढ!"

दाराला कुलूप लागले. पाडसाची घरघर वाढली.

साळोजीने पाठीवरचा एक काटा उपसला. "बाई, पोराला घट्ट धरा," एवढेच तो म्हणाला. उघड्यावर, ठशाविना, सगळ्यांच्या देखत त्याने गळू फोडले. पाडसाने एक लांब श्वास घेतला.

"उपचार झालेला नाही, याची नोंद घ्या!" तरसराव शिपायाला ओरडून म्हणाले आणि पुढच्या सभेला निघून गेले.

सगुणा पाडसाची मान चाटत होती. मान वर न करताच तिने विचारले, "फर्मानाच्या वेळी आत तुम्ही आणि रावसाहेबच होता ना? मग ठसा घेतला कुणी?"

"हुकूम रावसाहेबांचा होता..." साळोजी म्हणाला.

तरसरावांनी गेरूला पंजाही लावला नव्हता. शास्त्रीबुवांचा पाय साळोजीने उचलला होता.