तुळसाक्काचा भोपळा

फार जुनी गोष्ट. तेव्हा नदीवर पूल नव्हते आणि माणसांना घाईही नव्हती. नदीकाठच्या एका गावात तुळसाक्का नावाची बाई राहायची. वय साठीच्या पुढं, घरात एकटी, पण जीभ अशी तिखट की भल्याभल्यांनी तिला बघून वाट बदलावी.

त्या गावाची एक रीत होती. वैशाखी पौर्णिमेला नदीची ओटी भरायची, ती काठावर नव्हे, तर पात्राच्या मधोमध असलेल्या काळ्या खडकावर. आणि तिथं नावेतून जायचं नाही, पोहतच जायचं. दर घरातलं एक माणूस ओटी पाठीला बांधून निघायचं. तुळसाक्काचा नवरा होता तोवर तो जायचा. त्याच्यामागं तिच्या घरची ओटी शेजारचा बाळोबा नेऊ लागला. एका वर्षी त्यानं ती वाटेतच पाण्यात सांडली आणि परत येऊन म्हणाला, "पोचली समज, आक्का. पाणी सगळं एकच."

हे तिला फार लागलं. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

"पुढच्या वर्षी माझी ओटी मीच नेणार," ती चारचौघांत बोलून गेली.

"तुला पोहता येतं?" थोरल्या जावेनं विचारलं.

"नाही येत. शिकेन."

"अगं, गुडघे धरून उठतेस, आणि नदी पोहणार?"

"गुडघे जमिनीवर दुखतात. पाण्यात दुखतात का, ते बघते."

संक्रांत झाली तशी ती हैबतीकडे गेली. हैबती गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचा. पाठीला मोठा वाळका भोपळा बांधायचा, म्हणजे माणूस बुडत नाही. हातपाय चालायला लागले की भोपळा लहान करत न्यायचा आणि शेवटी सोडून टाकायचा, ही त्याची पद्धत. पोरांना याला दहा-बारा दिवस लागत.

तुळसाक्का पहिले आठ दिवस नुसतं पाणी प्यायली. ठसका लागला की म्हणायची, "नदी चवीला बरी आहे." तिसऱ्या आठवड्यात पाय चालायला लागले, आणि तिला इतका आनंद झाला की घरी भाकरी थापतानाही पाय हलायचे.

"आक्का, आता भोपळा सोड," हैबती म्हणाला.

"आज नको. उद्या."

तो उद्या काही उजाडेना. हैबतीनं लहान भोपळा दिला, मग त्याहून लहान. वैशाख आला तेव्हा तिच्या पाठीला तपकिरीच्या डबीएवढा भोपळा होता, आणि तोही ती रोज दोन गाठी मारून बांधून घ्यायची.

पौर्णिमेला सगळा गाव काठावर जमला. तुळसाक्का ओटी हातात घेऊन आली. पाठीला तो भोपळा होताच. बायका पदराआड हसायला लागल्या.

"घ्या," थोरली जाऊ म्हणाली, "नदीला ओटी आणि आक्काला भोपळा."

हैबती मात्र हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "आक्का, एवढ्याशा भोपळ्यावर मांजराचं पिलूसुद्धा तरंगायचं नाही. महिनाभर तो तुला नाही, तूच त्याला तरंगवते आहेस."

खोटं कशाला सांगा, तुळसाक्काला पळत घरी जावंसं वाटत होतं. मग तिला थंडीतल्या त्या सगळ्या सकाळी आठवल्या, पोटात गेलेलं पाणी आठवलं. म्हणजे हे सगळं मीच केलं होय, तिच्या मनात आलं. तिनं हात मागं नेला, एकेक गाठ सोडली आणि भोपळा हैबतीच्या हातात ठेवला. त्याच जागी ओटी आवळून बांधली, कासोटा खोचला आणि ती पाण्यात उतरली.

पहिल्याच हाताला ती गटकन पाणी प्यायली. काठावर जावेनं डोळे मिटून घेतले. पण पाय काही थांबले नाहीत. हात, पाय, श्वास, पुन्हा हात. थोड्या वेळानं तिचा हात खडकाला लागला. तिनं वर चढून खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ वाहिली. तिचे डोळे भरून आले.

जरा बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण इतके महिने जायचाच विचार केला, परत यायचा केलाच नाही. ती इतकी मोठ्यानं हसली की काठावर ऐकू गेलं. बाळोबा घाईघाईनं नाव घेऊन आला.

"आक्का, बस."

"राहू दे रे बाळा. आले तशी जाईन."

आणि गेली.

दुसऱ्या दिवशी हैबती नदीवर आला, तर घोटाभर पाण्यात कासोटा घालून थोरली जाऊ उभी. वय अडुसष्ट. इकडंतिकडं कोणी नाही बघून तिनं हळूच विचारलं, "हैबती, तुझ्याकडं सगळ्यात मोठा भोपळा कुठला आहे?"

तात्पर्य: शिकायला कुठलंही वय चालतं. आधार सोडायचा विश्वास मात्र ज्याचा त्यानंच धरावा लागतो, आणि तो धरला की कळतं, आपण केव्हाचेच आपल्या बळावर तरंगत होतो.